कार्डातली सासू

तानुबाई एकच वेळ जेवतात, हे मला कळून आज अठरा दिवस झाले. सकाळी एक भाकर, सोबत असेल ती भाजी. संध्याकाळी काही नाही. त्या आजारी नाहीत, उपासही धरलेला नाही, आणि घरात दाणा नाही असंही नाही. रोज अंगणवाडीतल्या चाळीस मुलांची खिचडी त्याच शिजवतात, वाढतात, पातेलं घासतात. तळाशी उरलेली खिचडी कोणाच्या तरी डब्यात घालून देतात. मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा उत्तर एकच, "भूक मेली ताई." ते खरं नाही. त्यांच्या लेकीला सासरी जेवढं मिळतं तेवढंच त्या खातात. हे मला त्यांनी सांगितलं नाही, शेजारच्या रईसाने सांगितलं.

माझी मुलगी आत झोपली आहे. तिने आज ताटातली अर्धी पोळी तशीच ठेवली, म्हणून मी तिच्यावर गरजेपेक्षा जास्त ओरडले. ती म्हणाली, "आई, अर्धी पोळी आहे ती फक्त." बरोबर होतं तिचं. मी ओरडत होते ते दुसऱ्याच कोणावर.

तानुबाई सिरसाट अंगणवाडीत मदतनीस आहेत, बावीस वर्षं. वय विचारलं तर "बावन-त्रेपन असंन" म्हणतात. रेशनकार्डावर सत्तेचाळीस आहे. गाव अकोटहून बसने पाऊण तासावर. बस फाट्यावर सोडते, पुढे दीड किलोमीटर चालायचं. नवरा काविळीने गेला. मुलगा पुण्यात एका कंपनीच्या कँटीनमध्ये आहे, मुलगी भावना मूर्तिजापूरच्या पुढे एका खेड्यात दिलेली. तानुबाई सातवी शिकलेल्या, वाचता येतं, सही वळणदार आहे. उंची माझ्या खांद्याएवढी. चालताना त्यांना गाठायला मला पळावं लागतं.

त्यांची गावात ओळख मात्र वेगळीच. त्या नकला करतात. एसटीचा कंडक्टर, तलाठी, दर महिन्याला तपासणीला येणाऱ्या पर्यवेक्षिका, उधार न देणारा किराणावाला. हळदीच्या रात्री बायका त्यांना मुद्दाम बोलावून नेतात. त्या आधी तोंड धुतात, पदर खोचतात, मग सुरू. समोरचं माणूस हसून जमिनीवर लोळलं तरी त्यांच्या चेहऱ्यावर रेघ हलत नाही.

मी तिथे गेले ती अमरावतीच्या एका संस्थेच्या कामासाठी. आठ गावं माझ्याकडे होती. काम असं की मुलांची वाढ का खुंटते, हे तेरा ते अठरा वयाच्या मुलींना, जमलं तर मुलांनाही, समजावून सांगायचं. दोन वर्षांचं मूल वयाच्या मानाने बुटकं राहिलं तर ते सहसा भरून निघत नाही. आईच्या पोटातले नऊ महिने आणि नंतरची दोन वर्षं, खेळ बहुतेक तेवढ्यातच होतो. मूल जन्मल्यावर आईला सांगून उशीर झालेला असतो. म्हणून आई होण्याआधीच मुलीला सांगायचं, हा विचार. विचार चुकीचा नव्हता. आजही मला तो चुकीचा वाटत नाही.

संस्थेने एक छोटा प्रोजेक्टर दिला होता, मुठीत मावणारा. अंगणवाडीच्या भिंतीवर चादर लावून मी पहिल्यांदा फिल्म दाखवली तेव्हा पंचवीस मुली होत्या. पांढऱ्या कोटातला डॉक्टर तक्त्यावर काठी ठेवून बोलत होता. मग एक कुटुंब टेबलाभोवती बसून पालक, सफरचंद आणि अंडी खाऊ लागलं. रईसा तेव्हा पंधरा वर्षांची होती, पुढेच बसलेली. ती म्हणाली, "ताई, ह्याच्या घरी टेबल हाय, फ्रिज हाय, मंग पोट्टं बुटकं कसं राह्यलं?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. त्या गावाने मूग-उडीद पेरणं सोडून पंधरा वर्षं झाली होती. शिवारात कपाशी आणि सोयाबीन. सोयाबीन ट्रॉलीत बसून अकोटला जातं, कोणाच्या घरात शिजत नाही. आणि बायका जेवतात सगळ्यांत शेवटी, तव्याखालचा जाळ विझल्यावर.

तेवढ्यात मागून डॉक्टरचा आवाज आला. हुबेहूब तोच, नाकातला. तानुबाई पातेलं घासायचं सोडून दारात उभ्या होत्या, काठीच्या जागी पळी. "माता-भगिनींनो, रोज एक सफरचंद खा. नसंन तं सफरचंदाचं चित्र पाहा." मुली उड्या मारायला लागल्या. कोणीतरी म्हणालं, "काकू, सासूचं करा, सासूचं."

तानुबाईंनी पळी खाली ठेवली, पदर डोक्यावर घेतला, कंबरेत किंचित वाकल्या.

"काय वं सूनबाई, दुसरी भाकर? पोट एकच हाय. त्यात भाकर ठेवशीन का लेकरू ठेवशीन?"

रईसा बसल्या जागेवरून म्हणाली, "दोघाईले ठेवीन आत्याबाई. सरकून बसतीन ते."

"लय शायनी झाली! लेकरू हातभर वाढलं तं बाहीर कोण काढीन, तुया बाप? आमी नऊ मयने एका भाकरीवर काढले. लेकरू असं निंगालं, चिमणीवानी. इळा बी लागला नाई का दाई बी लागली नाई."

"अन् ते चिमणीवानी लेकरू कोठी हाय आता?"

"तुया नवरा हाय ना वं तो!"

मी प्रोजेक्टर बंद केला. मला हवी होती ती गोष्ट समोर घडत होती.

आम्ही सात भाग केले, दहा-दहा मिनिटांचे, माझ्या मोबाइलवर. रेकॉर्डिंग अंगणवाडीच्या कोठीत व्हायचं, कारण तांदळाच्या पोत्यांमुळे आवाज घुमत नाही. खिडकीवर वाकळ टांगायची. गावात पिठाची चक्की आहे, ती चालू असली की काहीच रेकॉर्ड होत नाही. म्हणून लोडशेडिंगची वेळ पाहून जायचं. लाइट गेली की चक्की बंद, आणि आम्ही सुरू. सासू तानुबाई, सून रईसा, आणि पहिल्या भागात तीच दुसरी भाकर. सुरुवातीच्या भागांत मी लिहिलेलं फार थोडं होतं. मी फक्त विषय सांगायचे, की आज लोहाच्या गोळ्या, आज अठराच्या आत लग्न, आज मुलीला शेवटी वाढणं. बाकी त्या दोघी पाहून घेत.

सातवा भाग मात्र मी लिहिला. त्यात सासूचा नातू दोन वर्षांचा होतो, शेजारच्या लेकरापेक्षा वीतभर कमी भरतो, आणि सासूला आपली चूक कळते. सगळ्या मालिकेचं सार तिथे होतं, म्हणून ते बिनचूक असावं असं मला वाटलं. अमरावतीच्या कार्यालयातूनही तसंच सांगणं होतं. मी लिहिलं, "गर्भवती स्त्रीने आहारात कडधान्ये, हिरव्या पालेभाज्या व अंडी यांचा समावेश केल्यास बाळाची योग्य वाढ होते. माझी चूक मला उमगली आहे."

तानुबाईंनी कागद दूर धरून वाचला. "असं कोण बोलतं ताई?"

"माहिती आहे ना ती. बरोबरच सांगायला हवी."

"मंग असंन," त्या म्हणाल्या, आणि शाळेत प्रतिज्ञा म्हणतात तसं म्हणून टाकलं. रईसा तोंडात ओढणी कोंबून बसली होती. तो भाग पहिल्याच वेळी पूर्ण झाला. मला वाटलं, चांगलंच झालं.

गटातल्या मुलींना सातही भाग दर शनिवारी ऐकवले. त्यावर बोलणं व्हायचं, भांडणंही व्हायची. रईसाने घरी जाहीर केलं की ती भावांच्या पंगतीलाच बसणार. तिची अम्मी मला रस्त्यात अडवून म्हणाली, "ताई, काय शिकवलं तुमी इले? आता हंडीत डोकावून मटणाच्या बोटी मोजते." पण तक्रार करताना ती हसत होती. त्या गावापुरतं काम झालं, असं म्हणता येईल.

मुलगे मात्र शनिवारी येत नसत. ते मोबाइलवर गाणी ऐकत. अकोटच्या स्टँडजवळ दानिशचं मोबाइलचं दुकान आहे. तेव्हा सगळी पोरं तिथेच मेमरी कार्ड भरून घ्यायची. गाणी, कॉमेडी, पिक्चर, सगळं एका कार्डात. मी दानिशला विचारलं, आमचे सात भाग प्रत्येक कार्डात फुकट टाकशील का? "टाकतो ना ताई, सवाब का काम है, पुण्याचं," तो म्हणाला. आणि खरंच टाकले.

दोन महिन्यांनी मी गेले तेव्हा त्याने कौतुकाने दाखवलं. सात भागांतून त्याने दीड मिनिटाचा एक तुकडा कापून काढला होता. दुसऱ्या भाकरीपासून चिमणीपर्यंत. नाव दिलं होतं, 'तानुबाई सासू'.

"अन् बाकीचं?"

"बाकी कोण ऐकतं ताई? पब्लिकले सासू पायजे. पूरे तालुके में घूम रही है तुमची सासू. अंजनगाव, तेल्हारा, आकोल्यापर्यंत. ब्लूटूथने एकमेकाले देऊन राहिले लोक."

मी खूश झाले, हे लिहायलाच हवं. त्या महिन्याच्या अहवालात मी 'प्रतिसाद उत्तम' असं लिहिलं आणि अंदाजे किती फोनमध्ये ते पोचलं असेल याचा आकडाही दिला.

तानुबाईही खूश होत्या. अकोटच्या बाजारात एका भाजीवालीने त्यांना आवाजावरून ओळखलं. "तुमी त्या भाकरवाल्या सासू ना?" म्हणून मूठभर सांभार, म्हणजे कोथिंबीर, वर टाकला. तानुबाईंनी तो सांभार घरी नेऊन शेजारच्या तीन घरांत वाटला. तो कशाबद्दल मिळाला हे सांगून.

भावनाचं लग्न मागल्या वर्षी झालं. अठरा पूर्ण होऊन एक महिना झाला होता. मी तानुबाईंना म्हटलं होतं, अजून दोन वर्षं थांबा. त्या म्हणाल्या, "साल वाईट गेलं ताई. सोयाबीन शेंगीतच कोंबारलं. पोरगं चांगलं हाय, टाइल्सच्या दुकानात कामाले जाते, पेत नाई. पुढच्या साली असं भेटन का नाई?" मी पुढे ताणलं नाही. अठरा पूर्ण होती, आणि माझ्या यादीत तो रकाना बरोबर भरला जात होता.

यंदा पेरण्या जुलैच्या मध्यात झाल्या. त्याच्या थोडं आधी भावना दोन दिवस माहेरी आली, चौथा महिना संपत आलेला. दवाखान्याचं कार्ड सोबत होतं. त्यावर उंचीच्या जागी १४४ लिहून लाल पेनाने गोल केला होता. तानुबाईंनी ते कार्ड माझ्यासमोर धरलं. "हे लाल काय होय?"

मी सांगितलं की एकशे पंचेचाळीस सेंटिमीटरच्या आत उंची असली की बाळंतपणाकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. कंबर लहान असू शकते. मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल.

"इची उंची कमी काहून?"

मी गटात देते ते उत्तर दिलं. मुलगी आईच्या पोटात असताना आईला पुरेसं मिळालं नाही, नंतरच्या दोन वर्षांत मिळालं नाही, की असं होतं. हे तानुबाईंनी माझ्या तोंडून पन्नासदा ऐकलेलं होतं. पण त्या दिवशी त्यांनी ते पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकलं.

"भावना पोटात होती तवा बुडी मले एकच भाकर देये," त्या म्हणाल्या. बुडी म्हणजे त्यांची सासू. "तेच तं मी मोबाइलच्या कार्डात बोलली. ते काई म्या मनानं नाई बनवलं ताई. बुडीचंच होय ते, शबदानं शबद."

भावना ओट्यावर बसून लसूण सोलत होती. ती म्हणाली, "माय, माया सासूपाशी बी हाय ना ते. दुसरी भाकर घेतली का मोबाइल काढते अन् तुलेच वाजवते. म्हणते, पाय, तुयी माय काय सांगून राहिली." आणि ती हसली. आम्हीही हसलो असू.

पुढे फोनवर तिने तेच पुन्हा सांगितलं तेव्हा हसली नाही. तिसऱ्या महिन्यात तिचं वजन अडतीस किलो होतं. पाचव्याच्या शेवटी एकोणचाळीस. तिथल्या आशाताईंनी, गावच्या आरोग्य कार्यकर्तीने, घरी जाऊन सांगून पाहिलं. पार्बताबाई, भावनाच्या सासूबाई, त्यांना चहा देत आणि हो म्हणत. लोहाच्या गोळ्या न उघडता शिंकाळ्यात टांगलेल्या होत्या.

मग तानुबाई स्वतः गेल्या. एका दिवसाची रजा काढली. गावात ज्या दोन घरी थोडा मूग होता तिथून मागून लाडू केले. अकोट, अकोला, मूर्तिजापूर, तिथून ऑटो. बसमध्ये पूर्ण वेळ त्या काय बोलायचं त्याची तयारी करत होत्या. विहिणीशी बोलायचं, लेकीच्या जेवणाबद्दल बोलायचं, म्हणजे नीट बोलायला हवं. तोंडाला येईल ते नको. शिकलेलं माणूस बोलतं तसं. तसं बोलणं त्यांना एकच पाठ होतं.

पार्बताबाईंनी पाहुणचार चांगला केला. जेवणं झाल्यावर तानुबाई भिंतीशी सरळ बसल्या, पदर सारखा केला, आणि म्हणाल्या, "ईनबाई, गर्भवती स्त्रीने आहारात कडधान्ये, हिरव्या पालेभाज्या व अंडी यांचा समावेश केल्यास..."

पार्बताबाईंना ठसका लागेपर्यंत हसू आलं. त्यांना वाटलं, विहीणबाई नर्सबाईची नक्कल करतायत. चेहऱ्यावर रेघ हलत नव्हती, ती तर कधीच हलत नाही. पार्बताबाईंनी अंगणात जाऊन हाका मारल्या, "या वं सगळ्या! आमच्या ईनबाई दवाखान्याच्या मॅडमची नक्कल करून राहिल्या!" दहा-बारा बायका जमल्या. "पुन्हा म्हणा, पुन्हा म्हणा." तानुबाईंनी पुन्हा म्हटलं. या वेळी कळकळीने, हात जोडून. बायका आणखी हसल्या.

मग कोणीतरी म्हणालं, "आता सासूचं होऊन जाऊ द्या."

आणि तानुबाईंनी सासू केली. उभं राहून, पदर डोक्यावर घेऊन, पूर्ण. दुसरी भाकर, हातभर लेकरू, चिमणी, सगळं. भावना चुलीपाशी उभी होती. तीही हसत होती.

हे सगळं तानुबाईंनी मला दुसऱ्या दिवशी पातेलं घासता घासता सांगितलं, एकाही आवाजाची नक्कल न करता. मी विचारलं, "पण सासू का केली?"

"लेकीच्या घरी मानसं जमले होते ताई. मोठेपणा होऊन राहिला होता तिचा. म्हणत होत्या, भावनाची माय कशी हाय पाय." त्यांनी पातेल्यात पाणी ओतलं. "अन् मले दुसरं कोठी येते?"

त्या दिवसापासून एकच भाकर.

मी दानिशकडे गेले. तो तुकडा काढून टाक म्हटलं. त्याने माझ्यासमोर कॉम्प्युटरवरून काढला. म्हणाला, "निकाल दिया. पण ताई, जो कार्डात गेला तो कसा येईन वापस?" मी म्हटलं, दुसरा देते, तो टाक. "चांगला असंन तर चालंन. सासू असंन ना त्याच्यात?"

दुसरा करायला आम्ही कोठीत बसलो. लाइट गेली, चक्की थांबली. तानुबाई पोत्यावर, समोर मोबाइल. मी काही लिहून नेलं नव्हतं, मुद्दामच. म्हटलं, तुम्हाला वाटतं तेच बोला, तुमच्या पद्धतीने. त्या मोबाइलकडे पाहत राहिल्या. "काय बोलू?" मी म्हटलं, बुडीबद्दल बोला, भावनाबद्दल बोला. त्यांनी दोनदा तोंड उघडलं. एकदा म्हणाल्या, "मी तानुबाई," आणि पुढे काही आलं नाही. दुसऱ्याचा आवाज काढायचा नसेल तर काय करायचं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. लाइट येऊन चक्की सुरू होईपर्यंत आम्ही तशाच बसलो. मग त्या उठून भांड्यांकडे गेल्या. फोनमध्ये अकरा मिनिटांची शांतता आहे, मध्ये एकदा बकरी ओरडते. ती मी अजून काढून टाकलेली नाही.

त्यांचा बेत असा होता की सातव्या महिन्यात भावनाला बाळंतपणासाठी घरी आणायचं. पहिलं बाळंतपण माहेरीच होतं. दोन-अडीच महिने हाताखाली मिळाले असते, अकोल्याच्या दवाखान्यात वेळेत नेता आलं असतं. आज दुपारी पार्बताबाईंचा निरोप आला, की नवव्यात पाठवू, सातव्यात नाही. तानुबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी निरोप सांगितला आणि खडे वेचत राहिल्या.

"सातव्यात का नाही?"

"म्हणते, माहेरी गेली का खाईन."

मी काहीतरी बोलले, बरं बोलले नाही. पार्बताबाईंना माणुसकी नाही, अशा अर्थाचं. तानुबाईंनी सूप खाली ठेवलं.

"तसं नका म्हणू ताई. तिची थोरली लेक बाळंतपणात गेली. सा वर्स झाले. घरीच होती. लेकरू मोठं होतं, दोन दिवस अटकून राह्यलं. दोघंबी गेले. त्या दिशी जेवणं झाल्यावर चुलीपाशी तिनं मले सांगतलं. रडत होती. म्हणे, इची कंबर पाहा, पोरीवानी. लेकरू बारकंच असलं पायजे, नाईतर हे बी जाईन माया हातून."

मला हे माहीत नव्हतं. इतके दिवस माझ्या डोक्यात पार्बताबाई म्हणजे आमच्या नाटकातली सासू होत्या. कंबरेत वाकलेल्या, टोमणे मारणाऱ्या. एक मुलगी गमावलेल्या आणि दुसरीला आपल्या परीने वाचवणाऱ्या बाईचा भाग आम्ही सातांत कुठेच केला नव्हता. आणि भावना कमी खाल्ल्याने वाचणार नाही. तिची कंबर तेवढीच राहील, बाळ मात्र अशक्त येईल, आणि बाळंतपणात रक्त जाईल तेव्हा ते झेपण्याइतकं बहुधा तिच्या अंगात नसेल. पार्बताबाईंना ज्याची भीती आहे, नेमकं त्याच्याच दिशेने हे घर चाललंय, रोज एका भाकरीने.

मी म्हटलं, "मी फोन करू का त्यांना?"

"नका करू," तानुबाई लगेच म्हणाल्या. "म्हणतीन, मायनं आफिसातून फोन करवला. आमची तक्रार केली. मंग नवव्यात बी नाई पाठवणार. सोयरिकीत तिसरं मानूस नको ताई."

त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. अशा फोनांचं काय होतं ते मी पाहिलंय. बाहेरचं माणूस बोलून मोकळं होतं, आणि त्याचं मोल मुलगी फेडते. म्हणून अठरा दिवस मी नंबर असूनही फोन केला नाही. नंबर माझ्याकडे आहे, कारण तानुबाईंच्या फोनमध्ये पैसे नसले की त्या माझ्याच फोनवरून लेकीशी बोलतात. तिच्या सासरी घरात राहतो तो फोन एकच, पार्बताबाईंच्या कमरेला असतो.

पण सातवा महिना लागायला बारा दिवस आहेत. नवव्यात आणलेल्या मुलीच्या अंगात रक्त भरायला वेळ उरत नाही.

मघापासून मी काय बोलायचं ते कागदावर उतरवत होते. वजन, रक्ताचं प्रमाण, अकोल्याच्या दवाखान्याची वेळ. पाच ओळी झाल्या आणि वाचून पाहिल्या. सातव्या भागासारख्याच होत्या. तो कागद बाजूला ठेवलाय. पार्बताबाईंना एवढंच सांगेन की तानुबाई कार्डात जे बोलल्या ते मी बोलायला लावलं होतं, हसण्यासाठी. त्यापुढचं एक बोलणं राहिलंय, ते मला नीट लिहिता आलं नाही. म्हणून ते कोणी तुमच्यापर्यंत आणलं नाही. तक्रार नाही, तानुबाईंना या फोनची खबर नाही, हेही सांगेन. मग त्यांच्या थोरल्या मुलीबद्दल विचारेन. तिचं नाव काय होतं, ते दोन दिवस कसे गेले, दवाखान्यात का नेता आलं नाही. त्या बोलतील तेवढं ऐकेन. भाकरीचं त्यानंतर. अकोल्याला भावनाला दाखवायला नेताना तुम्हीही सोबत चला, असं म्हणेन. तिच्या कंबरेचं डॉक्टरला तुम्हीच विचारा.

कदाचित त्या फोन ठेवतील. मग तानुबाईंना काय झालं ते मला स्वतः जाऊन सांगावं लागेल.

निंदणाचे दिवस आहेत, बायका सातला शेतात जातात. उद्या सकाळी सहाला त्या चुलीपाशी असतील. सहाला फोन करायचा.